मामा म्हणतात, ‘तो त्या रात्री तुझ्याकडंच झोपला होता असं सांग’

*वकीलताई, नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. माहेर आणि सासर एकाच गावात, वस्त्या तेवढ्या वेगळ्या. माझ्या धाकट्या भावाला अटक होऊन आज अठरा दिवस झाले. आमच्या आणि शेजारच्या रानाच्या बांधावरून चार वर्षं कुरबूर होती. त्या रात्री दहानंतर थ्री फेज लाइट आली म्हणून दोघंही उसाला पाणी पाजायला गेले होते. तिथं काय झालं ते त्या दोघांनाच माहीत. शेजाऱ्याच्या डोक्यात खोऱ्याचा घाव बसला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो वारला. आधी १०९ कलम (खुनाचा प्रयत्न) होतं, मग १०३ (खून) लावलं. भावाच्या डाव्या हातावरही कोयत्याचा वार आहे. रात्री साडेबाराला त्यानं गावातल्या डॉक्टरांचं दार वाजवून सहा टाके घालून घेतले.*

*मामा म्हणतात, कोर्टात सांग की त्या रात्री तो तुझ्याकडं जेवला आणि तिथंच झोपला. सख्ख्या बहिणीनं एवढं करायला नको का? आमचे हे म्हणतात, तू यात पडू नको, केलं असेल तर भोगू दे. आई बोलतच नाही. एक वकील आत्ता तीन लाख आणि सुटल्यावर आणखी दोन मागतात. ‘नव्वद दिवसांत बाहेर काढतो’ म्हणतात. वीस गुंठे विकायला काढलेत.*

*मयताची चार वर्षांची मुलगी माझ्याच अंगणवाडीत आहे. पंधरा दिवस आली नाही, परवापासून आजी आणून सोडते. आजी माझ्याकडं बघत नाही, पोरगी मात्र पहिल्यासारखीच येऊन पदराला धरते. तेराव्याला मी गेले नाही. आणि मंगळवारी तुरुंगात पहिली मुलाखत आहे. मी त्याला विचारू का, की तू केलंस का म्हणून?*

*– एक बहीण, सांगली जिल्हा*

ताई, तुमच्या पत्रातल्या मधल्या सात ओळी मी छापलेल्या नाहीत, आणि त्यांचं उत्तरही इथं देणार नाही. त्यात घरात नंतर कुणी काय केलं ते तुम्ही लिहिलंय. ते फक्त तुमच्या वकिलाला सांगा, तेही समोर बसून. वकील अशिलाचं बोलणं बाहेर सांगू शकत नाही, कायद्यानंच त्याचं तोंड बांधलंय. सदर लिहिणाऱ्या बाईला तसलं कुठलंही कवच नाही. गाव, पीक, टाक्यांची संख्या, सगळं मी बदललंय. तरी इथून पुढं या प्रकरणाचं एक अक्षरही कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहू नका. मामांनाही सांगा, व्हॉइस मेसेज पाठवू नका म्हणून. आणि घरातल्या कुठल्याच वस्तूला आता हात लावायचा नाही. कपडे असोत, खोरं असो, मोबाइल असो, धुवायचं नाही, हलवायचं नाही, कुणाकडं ठेवायला द्यायचं नाही. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात आई-बहिणीला सूट नाही.

आता मामांचं.

मामा वाईट माणूस नाही. प्रत्येक खटल्यात एक मामा असतोच. त्याला भाच्याचा जीव प्यारा आहे आणि कोर्ट म्हणजे जो ठासून बोलतो त्याचं, असा त्याचा समज आहे. पण त्यांनी सुचवलेली साक्ष तुमच्या भावाला सोडवणार नाही. ती त्याला बुडवेल. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे आणि तुमची नोकरी त्यात जाऊ शकते, हे तर आहेच. पण ते मी बाजूला ठेवते, कारण भावासाठी तुम्ही तेही पत्कराल, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. मी भावाच्याच फायद्याचं बोलते.

तो त्या रात्री साडेबाराला डॉक्टरकडं होता. म्हणजे तुमच्या घरी झोपला नव्हता, हे सांगणारा एक तिऱ्हाईत, सुशिक्षित साक्षीदार गावातच बसलाय. तुमची उलटतपासणी सुरू झाली की सरकारी वकील आधी विचारतील, जेवायला काय केलं होतं, अंथरूण कुठं घातलं, सकाळी चहा किती वाजता. ही उत्तरं तुम्ही पाठ कराल. मग ते डॉक्टरांचं नाव घेतील. आणि आपण त्या जागी नव्हतोच, हा बचाव खोटा ठरला की त्याचं फक्त ‘सिद्ध झालं नाही’ एवढ्यावर भागत नाही. बाकीचा पुरावा जुळत असेल तर तो खोटेपणाच आरोपीच्या विरुद्ध आणखी एक कडी म्हणून धरला जातो.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक केस सांगते. आरोपीच्या मेहुण्यानं साक्षीत सांगितलं, त्या रात्री नऊ ते अकरा आम्ही दोघं टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. माणूस शांत, बोलणं स्वच्छ. माझ्या सीनियरच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सरकारी वकिलांनी फारसं काही विचारलं नाही, फक्त मॅच कोण जिंकली ते विचारलं, तेही त्यानं बरोबर सांगितलं. मग त्यांनी कोर्टाची परवानगी घेऊन सबस्टेशनच्या ऑपरेटरला नोंदवहीसकट बोलावलं. त्या गावाचा फीडर, म्हणजे गावाला वीज देणारी लाइन, रात्री आठ वाजून दहा मिनिटांपासून पहाटेपर्यंत बंद होता. कोर्टात कुणी हसलं नाही. आरोपी पिंजऱ्यातून मेहुण्याकडं बघत होता, ते बघणं मला अजून आठवतं. त्या खटल्यात सरकारी पक्षाचा पुरावा तसा लंगडाच होता. त्याला काठी आम्ही दिली.

आणि तुमच्या बाबतीत तर नुकसान याहून मोठं आहे. भावाच्या डाव्या हातावर कोयत्याचा वार आहे ना? तो वार म्हणजे घरच्यांना लपवावीशी वाटणारी गोष्ट, कारण तो होता तिथं याचीच ती खूण. पण वकिलाच्या नजरेनं बघा. कोयता कुणाच्या हातात होता? आधी कुणी उगारला? वार अडवताना हात पुढं येतो तसा तो आहे का? स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार हा गुन्हाच नाही. तो हद्दीबाहेर गेला, किंवा अचानक भांडण पेटून रागाच्या भरात, आधी काही न ठरवता, गैरफायदा न घेता आणि क्रूरपणा न करता घाव बसला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेतलं १०३ कलम म्हणजे फाशी किंवा जन्मठेप, मधलं काही नाही. १०५ मध्ये जन्मठेप होऊ शकते, पण पाच ते दहा वर्षांचीही होऊ शकते, आणि नुसती जाणीव होती, हेतू नव्हता असं ठरलं तर दहाच्या आतली कितीही. माणसाच्या आयुष्यात हा फरक केवढा आहे ते तुम्हाला सांगायला नको. हे दार उघडायची किल्ली म्हणजे ती जखम. ‘तो तिथं नव्हताच’ म्हटलं की ती किल्ली तुम्ही स्वतःच्या हातानं विहिरीत टाकता. तिथं नव्हता, तर वार कुठं झाला?

असंच घडलं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. उलटही घडलं असेल. पण जे खरं आहे त्यातून त्याचा बचाव निघतो का, हे वकिलानं कागद बघून ठरवायचं असतं. मामांनी पारावर बसून नाही.

तेव्हा उद्याचं पहिलं काम ते टाके. त्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल, रजिस्टरला नोंद असेल, औषधाच्या दुकानाचं बिल असेल. असेल ते जसंच्या तसं वकिलाच्या हातात द्या. डॉक्टरांना ‘अमुक लिहा’ म्हणून गळ घालायला कुणालाही पाठवू नका. अटकेनंतर सरकारी डॉक्टरकडून आरोपीची तपासणी करावी लागते, अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण कधीच्या असतील हे लिहावं लागतं, आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळते. ती तुम्हाला मिळालेली दिसत नाही. वकिलाकडून अर्ज करून मागून घ्या. आरोपीच्या अंगावरची जखम सरकारी पक्षानं समजावून सांगितली नाही, तर भांडणाची त्यांची सगळी हकीकतच संशयात येऊ शकते. सहा टाक्यांची चिठ्ठी तुमच्या खोट्या साक्षीपेक्षा शंभर पट वजनाची आहे.

वकिलांबद्दल. ‘सुटल्यावर आणखी दोन’ हे बोलणं ऐकूनच मी पेन खाली ठेवलं. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. आणि ‘नव्वद दिवसांत बाहेर काढतो’ यात त्यांची कर्तबगारी काही नाही. पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून नव्वद दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर खुनाच्या आरोपीलाही जामिनाचा हक्क मिळतो, असा कायदाच आहे. मात्र त्यासाठी दोषारोपपत्र यायच्या आधी अर्ज पडावा लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दिवस मांडून ठेवा, पण त्यावर आशा बांधू नका. आरोपी ठाऊक असलेल्या खुनात पोलीस ही मुदत सहसा चुकवत नाहीत. गावात कुणीतरी असंही सांगेल की निम्मी शिक्षा आत काढली की सोडतातच. ते ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे त्याला लागू नाही.

रान आत्ता विकू नका. पहिल्या महिन्यात घाबरून विकलेलं रान मातीमोल जातं, आणि खटला तर अजून सुरूही झालेला नाही. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं जा, किंवा १५१०० वर फोन लावा. तिथं लोक अभिरक्षक म्हणून फौजदारी बचावाचंच काम करणारे वकील असतात. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ हे मीही तरुणपणी म्हणायचे. नंतर त्यांच्यातल्या दोघीतिघींची उलटतपासणी ऐकली आणि गप्प बसले. खासगी वकीलच हवा असेल तर सेशन कोर्टात खुनाचे खटले शेवटपर्यंत चालवलेला बघा, फी टप्प्यानं ठरवा, पावती घ्या. जामीन सत्र न्यायालयानं नाकारला तर वरच्या अर्जासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून सांगलीसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं.

मयताच्या भाऊबंदांचं वजन आहे म्हणून तालुक्यातले वकील वकीलपत्र घ्यायला कचरतात, असंही तुम्ही लिहिलंय. २६/११ च्या खटल्यात कसाबलासुद्धा वकील दिला गेला होता, आणि त्यामुळंच त्या निकालाकडं कुणाला बोट दाखवता आलं नाही. तालुक्यात नसेल तर जिल्ह्याचा घ्या.

पोलीस तुमचा जबाब घ्यायला आले तर? साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब राहत्या ठिकाणीच घ्यावा लागतो. जे माहीत आहे ते सांगा, माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणा. तपासातल्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कुणी घेऊ लागलं तर तेवढं नम्रपणे सांगा आणि वकिलाला फोन करा.

तुमच्या यजमानांशी मी भांडणार नाही. त्यांना भीती वाटते, ती वाटणारच. फक्त ‘केलं असेल तर भोगू दे’ यातल्या ‘असेल’वर बोट ठेवते. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७३ चा निकाल आहे, आपल्याच राज्यातला. त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ‘केलं असेल’ आणि ‘केलंच आहे’ यांच्यात लांबचं अंतर आहे, आणि ते अंतर पुराव्यानंच काटायचं असतं. (शंकेच्या फायद्याचं स्तोम माजवू नका, असंही त्याच निकालात बजावलंय. वकील मंडळी ते वाक्य वाचून दाखवत नाहीत.) आणि ‘केलंच आहे’ असं म्हणणारी कोर्टंही चुकतात. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली होती. उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. मग त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्या सोळा वर्षांत त्यांच्याही घरी कुणीतरी म्हटलंच असेल, भोगू दे.

आता त्या पोरीचं. पत्र वाचताना मी इथं बराच वेळ थांबले.

तेराव्याला गेला नाहीत ते बरोबर केलंत. त्या घरात आत्ता तुमचं पाऊल म्हणजे जखमेवर बोट, आणि कोर्टात त्याचं भाषांतर ‘आरोपीच्या नातेवाइकांनी साक्षीदारांवर दबाव आणला’ असं होतं. जामिनाला विरोध करायला सरकारी पक्षाला आयतं कारण मिळतं. मामा किंवा सरपंच ‘मिटवून टाकू’ म्हणून तिकडं जायला निघाले तर आडव्या व्हा. खुनाचा खटला दोन घरांत बसून मिटवता येत नाही, तशी तरतूदच नाही. पैशाचा निरोप गेला तर साक्षीदार फोडल्याचा नवा गुन्हा तेवढा उभा राहील.

पण अंगणवाडी हे तुमचं घर नाही आणि त्यांचंही नाही. पर्यवेक्षिकेला एक साधा अर्ज द्या: अशी अशी परिस्थिती आहे, मुलीला आणणं-पोचवणं मदतनीस बघेल, पालकांशी बोलायचं ते तुम्ही बोलावं. त्याची पोच घ्या. हा कागद तुम्हाला उद्या वाचवेल आणि आजीलाही रोज तुमचं तोंड बघायला लागणार नाही. पोरीला मात्र वेगळं काही करू नका. जास्त खिचडी वाढायची नाही, जवळ घेऊन रडायचं नाही, ‘आई काय म्हणते गं’ हे तर चुकूनही विचारायचं नाही. बाकीच्यांसारखी हजेरी, बाकीच्यांसारखं वजन-उंची, बाकीच्यांसारखी गाणी. पदराला धरलं तर धरू द्या. तिचं कुणी गेलंय, आणि तुम्ही तिच्या ओळखीच्या बाई आहात. तिच्यापुरतं एवढंच खरं आहे. तिच्या वडिलांचा जीव गेलाय, याचा तुम्हाला विसर पडलेला नाही. म्हणून तर हे पत्र मी उत्तरासाठी निवडलं.

राहिला शेवटचा प्रश्न. तो तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारल्यासारखा लिहिलाय.

नाही, विचारू नका.

याचं एक कारण कायद्याचं आहे. आरोपीनं पोलिसाला दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, पण बहिणीला दिलेली येते. नवरा-बायकोतल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, भावा-बहिणीच्या बोलण्याला नाही. तुम्ही विचारलंत, त्यानं सांगितलं, की त्या क्षणी तुम्ही साक्षीदार झालात. मग उद्या पिंजऱ्यात उभं राहून एक तर भावाला अडकवायचं, नाही तर खोटं बोलायचं. मामांनी सुचवलं तेच, पण आता जाणूनबुजून. मुलाखतीच्या जागी जाळीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा माणसं एकाच वेळी ओरडून बोलत असतात आणि शिपाई उभा असतो, ते वेगळंच. तुम्हाला ऐकू येईल तेवढं शेजारच्यालाही येतं.

दुसरं कारण, तो खरं सांगेलच असं नाही. अठरा दिवसांनी पहिल्यांदा दिसलेल्या बहिणीला कुठला भाऊ ‘हो’ म्हणेल? तो ‘नाही’ म्हणेल. मग ते ‘नाही’ खरं की खोटं, हे घेऊन तुम्ही परतीच्या एसटीत बसाल, आणि झोप आजच्यापेक्षा लांब जाईल. त्यानं काय केलं याचा निवाडा करायला न्यायाधीश आहेत. खटल्याच्या शेवटी कोर्ट आरोपीला थेट प्रश्न विचारतं, तेव्हा बहुतेक जण प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ म्हणून मोकळे होतात आणि आपली बाजू सांगायची हक्काची संधी घालवतात. त्याला काही सांगायचं असेल तर ते त्यानं वकिलाला सांगावं आणि वकिलाच्या सल्ल्यानं तिथं सांगावं. हा निरोप मंगळवारी जरूर द्या: ‘वकील येतील, त्यांना सगळं सांग, काही लपवू नको, बराकीतल्या कुणाजवळ मात्र एक शब्द बोलू नको.’ आत प्रत्येक जण अर्धा वकील असतो, आणि एखादा पोलिसांचा कानही असतो.

आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स न्या. कच्च्या कैद्याला घरचे कपडे घालता येतात, साधे दोन जोड न्या, आत घेतील की नाही ते दारावर कळेल. खाण्याचं बहुतेक परत देतील. वेळ फार थोडा मिळतो, म्हणून आधी हाताचं विचारा. टाके काढले का, पाणी धरलंय का, तुरुंगाच्या दवाखान्यात दाखवलं का, तिथल्या कागदावर लिहिलं का. मग आई कशी आहे ते सांगा. उसाला पाणी कोण पाजतंय ते सांगा, तो ते विचारणारच. तुम्ही ‘केलंस का’ विचारलं नाहीत, हे त्याच्या लक्षात येईल. तरी विचारू नका.